७५ प्रयोगांची विज्ञानपेटी: सामान बरं, पुस्तिकेला लाल पेन हवं

पेटीच्या झाकणावर ठळक छापलंय, 'सहावी ते आठवीचं संपूर्ण विज्ञान, ७५ प्रयोगांत'. छापील किंमत १,६५० रुपये. पुण्याला अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात १,४०० ला मिळाली. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशाच पेट्या चार-पाच नावांनी विकायला आहेत आणि झाकण उघडलं की आतला माल उन्नीस-बीस. त्यामुळं हे एका नावाबद्दल न धरता अशा पेटीबद्दल आहे असं धरा. ज्यांच्या घरी सातवी-आठवीतलं पोर आहे आणि मे महिन्यात 'मागचं विज्ञान जरा पक्कं करून घेऊ' असा बेत चाललाय, त्यांच्यासाठी हा खटाटोप.

मी सांगलीकडच्या एका हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा परिचर होतो, आता निवृत्त. परिचर म्हणजे सर शिकवणार आणि हा परीक्षानळ्या धुणार, असं लोकांना वाटतं. खरंच आहे ते. पण कुठला प्रयोग दरवर्षी फसतो आणि कुठला कधीच दगा देत नाही, हे नळ्या धुणाऱ्याला सरांच्या आधी कळतं. नात यंदा सातवी संपवून आठवीत गेली, तिच्यासाठी ही पेटी आणली. आणि पेटी तपासायला माझं माप एकच होतं: प्रयोग फसला तर तो का फसला हे पोराला या पुस्तिकेतून शोधता येतं का? आणि जमला, तर का जमला हे पुस्तिका खरं सांगते का? बाकी रंगीत चित्रं, स्टिकर, 'बालवैज्ञानिक' लिहिलेला बिल्ला, हे सगळं ठीक आहे.

सामानापासून सुरुवात करू. परीक्षानळ्या सहा, साध्या काचेच्या. आच सोसणाऱ्या बोरोसिल काचेच्या नाहीत. थंड पाण्यापुरत्या चालतील, आचेवर धरल्या की तडकणार. त्यातली एक वाटेतच तडकलेली निघाली. चंचुपात्र प्लास्टिकचं, त्यावरच्या मिलिलिटरच्या रेघा स्वयंपाकघरातल्या मापाशी ताडून पाहिल्या, बरोबर आहेत. पट्टीचुंबक दोन, दोन्ही टोकांना लोखंडाच्या पट्ट्या लावून नीट ठेवलेले. हे ज्यानं केलं त्याला चुंबक सांभाळायचं ज्ञान आहे. बहिर्गोल भिंग चांगलं आहे, खिडकीची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर स्वच्छ पडते. प्लास्टिकचा प्रिझम टाकाऊ. त्यापेक्षा पाण्याच्या परातीत आरसा तिरका ठेवून ऊन भिंतीवर पाडलं तर सातही रंग जास्त चांगले दिसतात. तापमापी पाऱ्याची नाही, लाल अल्कोहोलची आहे, तेव्हा फुटली तरी घाबरायचं कारण नाही.

हळदीच्या कागदाच्या दहा पट्ट्या दिल्यात, वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद. सांगलीत बसून हळदीचा कागद विकत घ्यायचा म्हणजे कमाल झाली. मुठभर हळद पाण्यात कालवून जुन्या वहीच्या कोऱ्या पानाला फासली, वाळवली, पट्ट्या कापल्या. साबणाच्या पाण्यात लाल, लिंबाच्या रसात पिवळीची पिवळीच. नातीला लगेच खुपलं ते पुढचं: 'मग साधं पाणी आणि लिंबू, दोन्हीकडं पिवळंच. आम्ल कसं ओळखायचं?' बरोबर. हळद आम्लारी सांगते, आम्ल आणि उदासीन यांत फरक करत नाही. त्यासाठी निळा लिटमस किंवा जास्वंदीच्या फुलाचं पाणी; जास्वंद आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवट होते. पुस्तिकेत हा प्रश्न यायला हवा होता. तिथं नुसता तक्ता आहे, पाठ करायला.

आता विजेचा भाग. इथं मला खरा राग आला, कारण इथं पोराचा विश्वास उडतो.

पुस्तिका सांगते, दोन दिवे एकसर जोडा, प्रकाश मंद होईल. समांतर जोडा, दोन्ही पूर्ण प्रकाशतील. पेटीत दोन सेलचा होल्डर, वायरी, क्लिपा, कळ आणि तीन लाल एलईडी. एलईडीच्या पायाला छोटा रोधक डाखलेला आहे, तेवढं बरं केलंय. नातीनं समांतर जोडणी केली, दोन्ही लागले. एकसर केली, काहीच नाही. मंदही नाही, ठार अंधार. तिनं क्लिपा काढून पुन्हा लावल्या, एलईडी उलटसुलट करून पाहिले, शेवटी घड्याळातले सेल काढून घातले. तरी नाही. तिचा निष्कर्ष तयार होता: एकसर जोडणीत दिवे लागतच नाहीत.

दोष तिचा नाही. लाल एलईडी पेटायलाच साधारण १.८ ते २ व्होल्ट लागतात. दोन एकापाठोपाठ एक जोडले की पावणेचारच्या आसपास हवेत, आणि दोन सेल देतात ३. टॉर्चच्या जुन्या तारेच्या बल्बचं तसं नाही, त्याला कमी मिळालं तर तो कमी प्रकाशतो. पुस्तिका सरळ सरळ त्या बल्बसाठी लिहिलेली आहे. मागाहून कुणीतरी बल्ब काढून स्वस्तातला एलईडी घातला आणि मजकूर तसाच राहिला. एलईडीतून वीज एकाच दिशेनं जाते हेसुद्धा कुठं लिहिलेलं नाही. ज्या घरात सांगणारं कुणी नाही तिथं ते पोर एकतर पेटी खराब म्हणणार किंवा स्वतःला मठ्ठ समजणार.

मी गणपती पेठेतून टॉर्चचे अडीच व्होल्टचे बल्ब आणि स्क्रूचे होल्डर आणले, पन्नास-साठ रुपयांत काम झालं. मग मात्र हाच प्रयोग पेटीतला सगळ्यात चांगला ठरला. एकसर जोडणीत दोन्ही बल्ब पिवळट, तार नुसती लालसर. एक बल्ब सैल केला की दुसराही गप्प. समांतरमध्ये एक काढला तरी दुसऱ्याला पत्ता नाही. 'आपल्या घरात कुठली जोडणी असेल?' असं विचारल्यावर तिनं फार विचार केला नाही. 'समांतर. फ्रीज बंद केला म्हणून पंखा थोडाच बंद पडतो.' दिवाळीच्या माळेतला एक दिवा गेला की माळेचा अख्खा तुकडा का अंधारतो, हे मग आपोआप आलं. सातवीच्या वार्षिक परीक्षेत या धड्यावर तिला पैकीच्या पैकी होते, तरी घरातल्या पंख्याशी याचा संबंध पहिल्यांदाच लागला.

तानकाटा, म्हणजे स्प्रिंगचा वजनकाटा, चांगला दिलाय, २.५ न्यूटनपर्यंतचा, एका बाजूला न्यूटन आणि दुसऱ्या बाजूला ग्रॅम. आणि इथं पुस्तिकेनं मला खूश केलं. प्रश्न असा आहे: हा तानकाटा आणि वाण्याचा दोन पारड्यांचा तराजू, दोन्ही चंद्रावर नेले. इथं १२० ग्रॅम दाखवणारा बटाटा तिथं काय दाखवेल? उत्तर पुढच्या पानावर उलटं छापलंय, म्हणजे आधी डोकं चालवावं लागतं. तानकाट्यावर सहावा हिस्सा, म्हणजे २० ग्रॅमच्या खुणेपाशी. तराजूवर मात्र १२०, कारण वजनमापाचंही वजन तितक्याच पटीनं घटलं. वस्तुमान आणि वजन यांतला फरक व्याख्येनं कितीही घोटला तरी चार दिवसांत पुसला जातो. हा एक प्रश्न नीट भांडून सोडवला की पुसत नाही. असे प्रश्न पुस्तिकेत सगळीकडं असते तर मी ही पेटी डोळे झाकून घ्या म्हटलं असतं.

त्याच तानकाट्यावर उत्प्लावक बलाचा प्रयोग आहे. सोबत प्लास्टिकचा ठोकळा दिलाय, तो इतका हलका की काट्यावर हलतो की नाही तेच कळत नाही. त्याऐवजी आयर्विन पुलाखालून कृष्णेतला एक काळा गोटा आणला, दोऱ्यानं बांधला. हवेत २.३ न्यूटन. बादलीत पूर्ण बुडवला, १.५. नातीनं काटा डोळ्यासमोर धरून दोनदा वाचला. ०.८ न्यूटन गेले कुठं? गेले नाहीत, पाण्यानं वर उचलून धरले. आणि तेवढंच वजन गोट्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं. मग २.३ ला ०.८ नं भागायला सांगितलं. आलं २.९ च्या जवळपास. म्हणजे हा गोटा तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड. आपल्या सह्याद्रीतल्या बेसॉल्टची घनता साधारण तेवढीच असते. बादली, दोरा आणि काटा यांत दगडाची जात सापडली म्हटल्यावर बाईसाहेबांनी घरातल्या अडकित्त्यापासून देव्हाऱ्यातल्या घंटेपर्यंत काय मिळेल ते बुडवून पाहिलं. काट्याला न पेलणाऱ्या वस्तू सोडून.

आता मेणबत्ती. ताटलीत रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास पालथा. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं. पुस्तिका म्हणते, 'ग्लासातला ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली. हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो हे यावरून सिद्ध होतं.' हे वाक्य मी कितीतरी वर्षं वहीवहीत वाचत आलोय, आणि ते चूक आहे. नातीनंच बोट ठेवलं: 'ऑक्सिजन जळून कार्बन डायऑक्साइड झाला ना? मग जागा रिकामी कशी झाली?'

तिला म्हटलं, आधी डोळ्यांनी बघ पाणी कधी चढतं ते. मेणबत्ती जळत असताना फारसं चढत नाही. ज्योत मालवली की झपकन चढतं. ऑक्सिजन हळूहळू संपत गेला असता तर पाणीही हळूहळू चढलं असतं. मग एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, ग्लास तोच. पाणी चांगलंच जास्त वर गेलं. ग्लासातला ऑक्सिजन काही तिप्पट झाला नव्हता. खरं कारण असं की ज्योतीनं ग्लासातली हवा तापून फुगते, काही हवा काठाखालून बाहेर जाते (नीट पाहिलं तर बुडबुडे दिसतात), आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आकसते. आतला दाब कमी, बाहेरचा तेवढाच, म्हणून बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. जळण्यानं वायूंचं आकारमान थोडं कमी होतं, पाण्याची वाफ गार होऊन तिचंही थोडं पाणी होतं, पण मुख्य काम तापण्या-आकसण्याचं. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा आतला ऑक्सिजन सगळा संपलेलाही नसतो. प्रयोग उत्तम जमतो, म्हणूनच चुकीचं कारण इतकं पक्कं बसतं. फसलेल्या प्रयोगावर पोरं निदान शंका तरी घेतात.

जीवशास्त्राचा अर्धा भाग तुलनेनं कमी पैशांत उरकलेला दिसतो. बराचसा कागदच आहे: पचनसंस्था, उत्सर्जन संस्था, फुलाचे भाग, २०६ हाडांचा सांगाडा. चित्रं रंगीत आहेत, पण भिंतीवर लावून बघण्यापलीकडं त्यांचं करायचं काही नाही. अपवाद दोन.

एक म्हणजे फुप्फुसांचा नमुना. प्लास्टिकच्या अर्ध्या बाटलीत नळी, नळीच्या टोकाला फुगा, आणि बाटलीच्या कापलेल्या बुडाला ताणून बसवलेलं रबर. रबर खाली ओढलं की फुगा फुगतो, सोडलं की चिपाड. आमच्याकडं आला तेव्हा हलेचना, कारण बुचातून हवा गळत होती. भोवती एम-सील थापलं आणि चालू झाला. यातली मजा अशी की जवळजवळ प्रत्येक पोर, आणि खरं सांगायचं तर बरेच पालकही, उलटं सांगतात: हवा आत आली म्हणून छाती फुगली. नमुन्यात फुग्यात फुंकायला कुणी नाही. आधी खालचं रबर उतरतं, आतली जागा वाढते, आतला दाब कमी होतो आणि मग बाहेरची हवा आत शिरते. आपलं श्वासपटल तेच करतं, सोबत बरगड्याही वर-बाहेर सरकतात. नातीनं पोटावर हात ठेवून श्वास घेतला, दोन-तीनदा पाहिलं, मग आजीला जाऊन शिकवून आली. माझं निम्मं काम वाचलं. एक खोट सांगून ठेवतो: बाटलीत फुग्याभोवती बरीच मोकळी जागा दिसते, छातीत तशी पोकळी नसते, फुप्फुसं आतल्या बाजूला चिकटून असतात. पुस्तिकेनं हे एका ओळीत सांगायला हवं होतं.

दुसरा अपवाद सूक्ष्मदर्शी. पेटीवर १,२०० पट लिहिलंय, तिकडं दुर्लक्ष करा. सगळ्यात लहान वस्तुभिंगावर, आरशानं उजेड नीट घेतला तर कांद्याची पेशी दिसते आणि तेवढ्यासाठीच तो घ्यायचा. मोठ्या भिंगांवर सगळं धुकं. आरसा थेट सुर्याकडं कधीच करू नका, ढगाळ आभाळाकडं किंवा उजळ भिंतीकडं करा.

कांद्याची साल काढायची रीत पुस्तिकेत एका ओळीत संपवली आहे, आणि तिथंच नव्वद टक्के पोरांचं बिनसतं. कांदा उभा चार भागांत कापा. एक जाड पाकळी घ्या, तिच्या आतल्या, खोलगट बाजूची पातळ पारदर्शक कातडी चिमट्यानं ओढा. नखाएवढा तुकडा पुरे. काचपट्टीवर आधी पाण्याचा थेंब, मग तुकडा, वळकटी न होता. त्यावर आयोडीनचा एक थेंब. वरची कव्हर स्लिप सपाट टाकायची नाही. एक कड टेकवून, सुईच्या आधारानं हळूहळू निजवायची. नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि काळ्या जाड कडेचे ते गोल इतके ठसठशीत दिसतात की पोरं वहीत त्यालाच केंद्रक म्हणून काढतात. शाळेत अशी केंद्रकं मी शेकड्यांनी पाहिली आहेत. खरं केंद्रक लहान, आयोडीननं पिवळट तपकिरी झालेलं, बहुधा पेशीच्या कडेला सरकलेलं असतं. पेशीभित्तिका वीटकामासारखी ओळीनं दिसते.

आणि मग पुस्तिकेचा प्रश्न: 'तुम्ही पाहिलेल्या कांद्याच्या पेशीत हरितलवके दाखवा.' शेजारच्या आकृतीत हिरवे ठिपकेही छापलेत. कांद्याच्या या पाकळीत हरितलवकं नसतात. तिचं काम अन्न साठवायचं. अन्न तयार करायचं काम पातीचं, आणि म्हणून पात हिरवी. आम्ही पातीची पातळ साल लावून पाहिली, तिथं हिरवं दिसलं. त्या आकृतीवर नातीनं पेन्सिलीनं फुली मारून ठेवली आहे.

प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाबद्दल मात्र थट्टा करण्यासारखं काही नाही, पालकांनी हे नीट वाचा. पान काळ्या कागदानं अर्धं झाकायचं, उन्हात ठेवायचं, मग पानातलं हरितद्रव्य काढून आयोडीननं स्टार्च तपासायचा. हरितद्रव्य काढायला पुस्तिका लिहिते, 'पान स्पिरिटमध्ये ५ मिनिटे उकळा.' एवढंच. मूल घरात एकटं असेल तर ते पातेल्यात स्पिरिट ओतून गॅसवर ठेवेल. स्पिरिट क्षणात पेट घेतं. असं कधीही करायचं नाही. आधी पातेल्यात पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, शेगडीपासून लांब यायचं, आणि स्पिरिट व पान घातलेली परीक्षानळी (पेटीतली नव्हे, बोरोसिलची) त्या गरम पाण्यात उभी करायची. अल्कोहोल ७८ अंशांच्या आसपास उकळतं, तेव्हा गरम पाण्याची ऊब पुरते. मोठं माणूस शेजारी हवंच. पान पांढुरकं, ठिसूळ होतं. गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं आणि मग आयोडीन. उघड्या भागावर निळसर काळं, झाकलेल्या भागावर नुसता आयोडीनचा पिवळट तपकिरी रंग. कुंडी आधी एक-दोन दिवस अंधारात ठेवायला हवी, म्हणजे पानातला जुना स्टार्च संपतो. हेही पुस्तिकेत नाही, आणि ते न केल्यामुळं दोन्ही भाग काळे पडले की मुलं चक्रावतात.

मोरचुदाची पुडी अशीच, वर ना नाव ना धोक्याची खूण. निळे सुंदर खडे, घरात लहान मूल असेल तर खडीसाखर समजून तोंडात घालेल. विषारी आहे. मी पहिल्याच दिवशी झाकणाच्या बाटलीत भरून नाव लिहून वरच्या फळीवर ठेवलं. प्रयोग छान आहे: द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवला की त्यावर तांब्याचा लालसर थर चढतो आणि निळा रंग फिका पडतो.

याच मोरचुदानं पुस्तिकेचं एक वाक्य मोडीत काढता येतं. प्रश्नसंचात लिहिलंय, 'भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक बदल उलटवता येत नाही.' पाठ करायला सोपं, म्हणून सगळीकडं हेच चालतं. कागद फाडणं भौतिक बदल आहे, उलटवून दाखवा. आणि माझ्याकडच्या बोरोसिलच्या नळीत मोरचुदाचे चार खडे तापवले: पाणी निघून गेलं, पांढरी पूड उरली. गार झाल्यावर पाण्याचा थेंब टाकला, पुन्हा निळं. रासायनिक बदल, उलटवलेला. कसोटी एकच, नवा पदार्थ तयार झाला की नाही. प्रश्नसंच तसा ३०० प्रश्नांचा आहे, बरेचसे पर्यायी, पाठांतराची तयारी तपासायला चालतील.

अन्नसाखळीच्या कार्डांवर बाण उलटे छापलेत. साप, बेडूक, नाकतोडा, गवत अशी कार्डं, आणि बाण सापाकडून बेडकाकडं. 'साप बेडकाला खातो' या अर्थानं कुणीतरी काढला असणार. पण बाण दाखवतो ऊर्जा कुठून कुठं जाते ते. गवताकडून नाकतोड्याकडं, तिथून बेडकाकडं, मग सापाकडं. परीक्षेत यावर हमखास गुण जातात.

१,४०० रुपयांत हे घ्यावं का? घरात कुणी सांगणारं असेल, तर तानकाटा, भिंग, चुंबक, सूक्ष्मदर्शी आणि फुप्फुसाचा नमुना एवढ्यानं पैसे वसूल होतात. पोराच्या हातात पेटी देऊन आपण ऑफिसला जाणार असाल तर नको, स्पिरिटच्या त्या एका ओळीसाठी तरी नको. खर्च टाळायचा असेल तर बालभारतीची सहावी ते आठवीची सामान्य विज्ञानाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, त्यातल्या 'करून पहा' चौकटी घरातल्या सामानावर होतात. अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून खेळण्यांच्या संकेतस्थळावर तर झाडूच्या काडीपासून सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपर्यंत कशातूनही विज्ञान काढलेलं आहे, मराठीतूनही बरंच आहे. पद्मश्री मिळालेला हा माणूस पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं हेच करत होता. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसणाऱ्या सहावीच्या मुलांना मात्र खरी उपकरणं हाताळायची सवय हवी, कारण तिथं पुढच्या फेरीत प्रात्यक्षिक असतं. त्यांना पेटीचा उपयोग जास्त.

पेटीवरच्या क्रमांकावर फोन केला होता. उचलणारी मुलगी नम्र होती, सगळं लिहून घेतलं. तडकलेल्या नळीबदली दोन नळ्या कुरिअरनं आल्या, त्याही वेळेवर. एलईडीबद्दल 'वरती कळवते' म्हणाली. बाणांबद्दल उलट फोन आला की कार्डं तज्ज्ञांनी तपासलेली आहेत. दुकानाच्या पावतीवर बारीक अक्षरात लिहिलंय की लिहिलेला, खाडाखोड केलेला माल परत घेतला जाणार नाही. नातीनं सगळ्या कार्डांवरचे बाण एव्हाना काळ्या स्केचपेननं उलटे करून टाकलेत, तेव्हा परत करायचा प्रश्नच मिटला.